चीनचे काशाचे बुद्ध आणि भंगाराचा काटा



वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारातली तथागतांची मूर्ती घासायचे काम चालले होते. महिला मंडळाच्या ताई चिंच आणि रांगोळी घेऊन बसल्या होत्या, पोरे बादल्या आणून देत होती. त्यातल्या एका सातवीतल्या पोराने विचारले, "काका, ही किती किलोची हो? मोडीत किती येतील?" एक ताई त्याच्यावर खेकसल्या. आम्हाला मात्र त्याचा राग आला नाही. पोरगं ज्या वस्तीत वाढलं तिथे पितळ-तांब्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. आणि खरं सांगायचं तर त्याने विचारला तो प्रश्न फार जुना आहे. मोठमोठ्या बादशहांनी तो विचारलेला आहे. चीन देशात तर धातूची मूर्ती आणि धातूचे भांडे यांचे मोल काट्यावर करायचे की त्यावरच्या अक्षरावर, यावर शेकडो वर्षे रामायण झाले. त्याचीच हकीकत यंदाच्या स्मरणिकेत द्यावी असे ठरवले.

पहिल्यांदा भांड्यांचे पाहू, कारण मूर्ती मागाहून आली. तांब्यात कथील मिसळले की कासे होते. आपल्याकडे पायाचे तळवे घासायची काशाची वाटी असते तेच. चीनमध्ये शांग घराण्याच्या राजवटीत, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच, या धातूची अशी भांडी ओतली जात की आजचा ओतारीसुद्धा तोंडात बोट घालील. तीन किंवा चार पायांचे 'डिंग' नावाचे मोठे पातेले, दारूचे पेले, दारूचे रांजण. यात मेलेल्या पूर्वजांना अन्न आणि दारू दाखवायची. आपल्या देशात मूर्ती ओतायची तर मेणाची करतात, वर माती लिंपतात आणि मेण वितळवून त्या जागी धातू ओततात. चिनी कारागीर मातीच्या नमुन्यावरून साच्याचे तुकडे तुकडे पाडायचे, आतल्या बाजूला नक्षी कोरायचे, तुकडे पुन्हा जुळवून मध्ये धातू सोडायचे. जुन्या भांड्यावर बारकाईने पाहिले तर तुकड्यांच्या जोडाची रेघ कुठे कुठे दिसते. आनयांग गावाजवळ १९३९ साली गावकऱ्यांना असे एक चौकोनी डिंग सापडले. वजन ८३२ किलो. जपानी फौज मुलखात होती, तिच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी ते पुन्हा जमिनीत पुरले आणि १९४६ साली परत बाहेर काढले. आज ते बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एवढा धातू ओतायला किती मुशी, किती भट्ट्या आणि किती हात एका वेळी लागले असतील, हे ज्याने कधी खात्यात काम केले आहे त्यालाच कळेल. त्यावर अक्षरे आहेत ती राजघराण्यातल्या एका बाईसाठी. ओतणाऱ्यांपैकी कुणाचेही नाव नाही.

या भांड्यांचे कौतुक करताना आम्ही एका जागी नेहमी अडखळतो. १९७६ साली त्याच आनयांगला फू हाओ या राणीची कबर उघडली. उत्खनन करणाऱ्या प्रमुख होत्या चंग चेनश्यांग, एक बाई. फू हाओ ही नुसती राणी नव्हती, ती फौजेची सेनापतीही होती. कबरीत काशाच्या साडेचारशेहून जास्त वस्तू मिळाल्या. आणि सोळा माणसांचे सांगाडे. राणीबरोबर मारून पुरलेली माणसे! दुसरे उदाहरण 'दा यू डिंग' या पातेल्याचे. ते शांगांच्या नंतर आलेल्या चौ घराण्याचे, वजन १५३ किलोच्या वर, आत २९१ अक्षरांचा लेख. राजा आपल्या यू नावाच्या सरदाराला सांगतो की शांग लोक दारूपायी राज्य घालवून बसले, तू तसे करू नकोस. इथपर्यंत वाचून आम्हाला पंचशीलातले पाचवे शील आठवले आणि बरे वाटले. पण पुढे राजाने सरदाराला काय काय बक्षीस दिले त्याची यादी आहे. दारू आहे, कपडे आहेत, रथ-घोडे आहेत, आणि मोजून माणसे आहेत. एका ठिकाणी ६५९, दुसऱ्या ठिकाणी १०५०. घोड्यांच्या शेजारी माणसांचा आकडा. जगातल्या अत्यंत मौल्यवान भांड्यांपैकी हे एक आहे, आणि त्याच्या पोटात हे लिहिले आहे.

अशी भांडी जमवायचा नाद चीनला सुंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, फार लागला. १०९२ साली ल्यू तालिन या विद्वानाने जुन्या भांड्यांचे चित्रांसह पुस्तक केले. पुढे हुइत्सुंग बादशहाच्या संग्रहाची यादी झाली, तीत ८३९ भांडी होती. बादशहाचे सोडा, त्याला काय कमी. आम्हाला त्या काळातली एक नवरा-बायकोची जोडी सांगायची आहे.

ली छिंगचाओ ही चीनची थोर कवयित्री. तिचा नवरा चाओ मिंगचेंग. लग्न झाले तेव्हा तो विद्यार्थी होता, हातात पैसा नाही. महिन्यातून दोनदा, पाडव्याला आणि पौर्णिमेला, सुट्टी मिळायची. त्या दिवशी अंगावरचे कपडे गहाण टाकून तो पाचशे नाणी उचलायचा आणि राजधानी कायफेंगमधल्या श्यांगक्वो विहारात जायचा. होय, विहारात. त्या मोठ्या बौद्ध विहाराच्या आवारात बाजार भरत असे. तिथे जुन्या शिलालेखांचे आणि भांड्यांवरच्या अक्षरांचे ठसे कागदावर घेतलेले मिळत. ते ठसे आणि थोडी फळे घेऊन तो घरी यायचा आणि दोघे दिव्यापुढे बसून फळे खात खात अक्षरे लावायची. पुढे नोकरी लागली, भांडीही घेता आली. दगडावरचे आणि धातूवरचे मिळून दोन हजार लेख त्यांनी नोंदवले.

११२७ साली उत्तरेकडच्या जुर्चेन फौजांनी कायफेंग लुटले. बादशहालाच कैद करून नेले, तिथे त्याच्या भांड्यांना कोण विचारतो? या जोडप्याने पंधरा गाड्या भरून पुस्तके दक्षिणेला हलवली. मागे घरात दहावर खोल्या भरून सामान ठेवले होते, ते जळाले. ११२९ साली नवरा सरकारी हुकमाने दूर निघाला तेव्हा नावेतून तिने ओरडून विचारले की गावात गडबड झाली तर काय करू? त्याने काठावरूनच सांगितले की आधी ओझे टाक, मग कपडेलत्ते, मग पुस्तके, मग जुनी भांडी. पण पूजेची भांडी अंगावरून सोडू नकोस, जगलीस तर ती घेऊन आणि मेलीस तर ती घेऊन. त्याच वर्षी तो आजारी पडून वारला. ती एकटी बाई गावोगाव पळत राहिली. काही चोरीला गेले, काही सैनिकांनी नेले, जवळजवळ सगळेच गेले. नंतर तिने नवऱ्याच्या ग्रंथाला जोड म्हणून हे सारे लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळते. बायकोच्या जिवापेक्षा भांडे जड करणाऱ्या त्या नवऱ्याबद्दल आमचे मत काही चांगले नाही. पण भांडी गेली आणि त्यांवरच्या अक्षरांची वही राहिली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता मूर्तीकडे येऊ. धम्म चीनमध्ये गेला तो मध्य आशियाच्या वाटेने, आणि त्याच वाटेने मूर्तीही गेली. साल कोरलेली चीनमधली सर्वांत जुनी बुद्धमूर्ती इ. स. ३३८ ची आहे. काशाची, वर सोन्याचा मुलामा, उंची जेमतेम चाळीस सेंटिमीटर. तथागत ध्यानात बसले आहेत, पण हात आपल्याकडच्यासारखे मांडीवर तळवे वर करून एकावर एक नाहीत, पोटाशी धरलेले आहेत. मूळ मूर्ती कशी असते ते तिथल्या ओताऱ्याने ऐकून किंवा दुसरी लहान मूर्ती बघून केले असावे असे आम्हाला वाटते. डोळे मात्र शांत. ही मूर्ती आज अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला आहे.

एवढ्या लहान मूर्ती का टिकल्या आणि मोठ्या का टिकल्या नाहीत? याचे उत्तर त्या पोराच्या प्रश्नात आहे. किती किलो?

चीनमध्ये धम्मावर चार वेळा मोठे संकट आले : ४४६, ५७४, ८४५ आणि ९५५ या साली. त्यातले ८४५ चे फार मोठे. थांग घराण्याचा वूत्सुंग बादशहा ताओ पंथाच्या नादी लागलेला होता. त्याच्या हुकमाने ४६०० विहार आणि ४०,००० लहान मठ मोडले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींची चीवरे उतरवली. काशाच्या मूर्ती आणि घंटा वितळवून नाणी पाडायची, लोखंडाच्या मूर्तींची शेतीची अवजारे करायची, सोन्या-चांदीच्या खजिन्यात जमा करायच्या. माती, लाकूड आणि दगडाच्या मूर्ती असतील तशा राहू द्यायच्या, कारण त्यांचे नाणे होत नाही! लोकांच्या घरातल्या धातूच्या मूर्तीही महिन्याच्या आत सरकारजमा करायचा हुकूम होता. एन्निन नावाचा जपानी भिक्खू त्या वेळी चीनमध्ये होता, त्यालाही चीवर उतरवावे लागले. त्याने रोजनिशी लिहिली ती आजही उपलब्ध आहे.

यात नुसता द्वेष होता असे म्हणून भागणार नाही. विहारांकडे जमिनी फार झाल्या होत्या, त्यांवर सारा नव्हता, आणि देशात नाण्याला तांबे कमी पडत होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना प्रस्तावनेतच विचारले आहे की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा की समाजाचा सेवक व्हायचा. चीनमधल्या श्रीमंत विहारांनी हा प्रश्न वेळेवर विचारला असता तर गोरगरीब जनता त्यांच्या पाठीशी जास्त उभी राहिली असती, असे आमचे मत आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी चर्चेला यावे.

वितळलेल्या मूर्तींची नाणी झाली, त्यांतल्या पुष्कळ नाण्यांच्या पाठीवर टाकसाळीच्या मुलखाची खूण आहे. आज जुनी नाणी जमवणारे शौकीन ती नाणी हौसेने घेतात. म्हणजे बघा, भट्टीत गेलेले बुद्धही शेवटी संग्रहातच आले, फक्त चेहरा गेला. वाचल्या त्या कनवटीला लावता येण्याजोग्या, भिंतीत, विहिरीत, जमिनीत लपवता येण्याजोग्या लहान मूर्ती. महिन्याची मुदत संपायच्या आत कुणा उपासकाने अंगणात खड्डा खणला असेल, आणि उकरून काढायला तो परत आला नसेल.

अशीच जमिनीतून आलेली एक मूर्ती आहे. खरे तर पुरा देव्हाराच. मध्ये मैत्रेय बुद्ध उभे, मागे ज्वाळांची प्रभावळ, भोवती बोधिसत्त्व आणि दाते. साल ५२४. उत्तर चीनमधल्या चंगतिंग गावाजवळच्या खेड्यात १९२४ साली सापडली. बैठकीवर लेख आहे. कुणा राजाने कुणाला माणसे बक्षीस दिली असा तो लेख नाही. एका बापाने आपल्या मेलेल्या मुलासाठी ही मूर्ती करवली, असे त्यात आहे. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. शांगांच्या भांड्यावर राजाचे पूर्वज, राजाचे सरदार. आणि धम्म पोहोचल्यावर त्याच धातूवर एका बापाचे दुःख. आपल्या वस्तीत तरणा पोर गेला की पुण्यानुमोदनाला बाप विहाराला पंखा देतो, घड्याळ देतो, त्यावर नाव घालतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा तो बाप आम्हाला शेजारच्या खोलीतला वाटला.

हा देव्हारा १९३८ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चीनची चीजवस्तू परदेशी कशी गेली, त्यात आपल्या मुंबईचाही धागा आहे, तो लपवू नये. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनने अफू अडवली म्हणून इंग्रजांनी दोन लढाया केल्या. दुसऱ्या लढाईत, ऑक्टोबर १८६० मध्ये, बीजिंगजवळचा बादशहाचा जुना उन्हाळी राजवाडा इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी लुटला आणि इंग्रजांचा लॉर्ड एल्गिन याच्या हुकमाने जाळला. इंग्रजांच्या त्या फौजेत हिंदी शिपाईही होते. तिथल्या कारंज्यावर बारा प्राण्यांची काशाची मुंडकी होती. त्यांतली सात अलीकडे चीनला परत मिळाली आहेत. उंदीर आणि ससा ही दोन २००९ मध्ये पॅरिसला लिलावात निघाली होती, ती २०१३ मध्ये परत आली. अफू आणि कापसाच्या व्यापारातला पैसा मुंबईच्या गिरण्यांत आला आणि त्या गिरण्यांचे सूत पुन्हा चीनच्याच बाजारात विकायला गेले. ज्या साच्यांवर आमच्या बापजाद्यांनी हाडे झिजवली त्यांच्या मुळाशी कुणाच्या तरी घराची राखरांगोळी होती. चिनी वस्तू बघायच्या तर पार सातासमुद्रापार जायला नको. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. पोरांना एका रविवारी न्यावे.

विसाव्या शतकात रेल्वेसाठी जमीन खणताना कबरी उघडल्या, दलालांचे फावले आणि भांडी-मूर्ती जहाजांनी बाहेर गेल्या. श्रीमंत घेणारे अनेक होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मूर्तीचा संग्राहक एव्हरी ब्रंडेज, जो ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता. जपानमध्ये सुमितोमो घराण्याने मोठा संग्रह केला, आणि त्यांचा मूळ धंदाच तांबे गाळण्याचा! पण आमच्या मते या सगळ्या संग्राहकांत मोठी एक विधवा. तिचे नाव पान दायू.

सूचौ गावातल्या पान घराण्यात ती सून म्हणून आली. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला. घरात दोन अजस्र पातेली होती : वर सांगितलेले माणसांच्या यादीचे दा यू डिंग आणि त्याच्याहून जड, २०१ किलोचे, दा ख डिंग. १९३७ साली जपानी फौज आली तेव्हा घरच्यांनी लाकडी पेटी करून दोन्ही जमिनीखाली पुरली, वर फरशी बसवली. सैनिकांनी घर पुन्हा पुन्हा धुंडाळले. काही मिळाले नाही. पुढे पेटी कुजली, जमीन खचली, तेव्हा गुपचूप वर काढून ती एका अडगळीच्या खोलीत कोंबली, वर मोडके सामान टाकले. अमेरिकनांना विकली असती तर सात पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. तिने १९५१ साली दोन्ही सरकारला दान दिली. आज एक बीजिंगला आहे, दुसरे शांघायला. ली छिंगचाओच्या नवऱ्याने भांड्यासाठी बायकोला मरायला सांगितले होते. या बाईला कुणी सांगितले नव्हते, तिचे तिने ठरवले.

आणि आता भंगाराच्या काट्याची गोष्ट. शेन्सी प्रांतात बाओची गावाजवळ १९६३ साली एका शेतकऱ्याला घरामागच्या दरडीत काशाचे एक भांडे सापडले. साडेचौदा किलोचे. त्यात ज्वारी-बाजरी ठेवतात तसे त्याने धान्य ठेवले म्हणतात. १९६५ मध्ये पैशांची अडचण आली आणि ते भंगारवाल्या केंद्रावर गेले. आले तीस युआन. तिथून ते भट्टीतच जायचे. पण बाओचीच्या संग्रहालयातल्या एका नोकराची नजर त्यावर पडली, आणि संग्रहालयाने तेवढेच तीस युआन देऊन ते सोडवले. दहा वर्षे ते एक बरे भांडे म्हणून पडून होते. १९७५ साली प्रदर्शनासाठी नेले असता शांघाय संग्रहालयाचे तज्ज्ञ मा चंगयुआन यांनी आत हात घालून बुडाला चाचपले. काही खरबरीत लागले. गंज साफ करवला तर आत १२२ अक्षरांचा लेख! आणि त्यात 'चुंगक्वो' ही अक्षरे. चिनी लोक आपल्या देशाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव, आजवर सापडलेले सर्वांत जुने, त्या भंगारातल्या भांड्यात होते.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या खोलीतला हंडा आठवला. १९८२ च्या गिरणी संपात आम्ही लहान होतो. आधी आईचे डोरले गेले, मग तांब्या-पितळेची भांडी. मोडवाल्याने हंडा दगडावर आपटून चेपला, कारण चेपलेले मोजायला सोपे जाते. त्याच्या काठावर आजीचे नाव टिकल्याटिकल्यांनी घातलेले होते, पुढे गावाचे नाव आणि साल. घरातल्या कुणालाही आज ते साल आठवत नाही. आजीचा जन्म, लग्न, कशाचाच कागद नाही. ज्यांना शेकडो वर्षे अक्षर शिकू दिले नाही त्यांच्या घरात नाव लिहिलेली एकच वस्तू होती, ती तीन-साडेतीन किलोच्या हिशेबाने गेली. आईला आम्ही दोष देत नाही. त्या पैशात पंधरा दिवस चूल पेटली.

त्या पोराला आम्ही मूर्तीचे वजन सांगितले नाही. उलट त्याला म्हटले, खाली वाक आणि बैठकीच्या मागच्या पट्टीवर काय आहे ते वाच. चिंचेचा बुळा पुसून त्याने एकेक नाव मोठ्याने वाचले. महिन्याला रुपया-रुपया वर्गणी काढून ज्यांनी ही मूर्ती आणली त्यांची ती नावे, बरीचशी बायकांची. चौथे नाव त्याच्या पणजीचे निघाले. त्याला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून आम्ही विहारात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी नाव घातलेला जुना तांब्या, हंडा, घंगाळ, परात असेल, आणि ती मोडीत द्यायची वेळ आली असेल, तर खुशाल द्या. विहारात ठेवायला जागा नाही आणि कुणाची अडचण आम्हाला कळते. फक्त देण्याआधी भांडे घेऊन या. काठावर जे असेल ते जसेच्या तसे, चुकीच्या अक्षरासकट, वहीत उतरवून घेऊ. वही रविवारी सकाळी दहा ते बारा विहारात असते. आतापर्यंत एकोणीस नावे झाली आहेत.